अकरा झाकणं

वर्तुळाला आरंभ नाही आणि अंत नाही. म्हणून लहान मुलाला सर्वप्रथम वर्तुळ शिकवावं, कारण पूर्णत्वाची पहिली जाणीव त्याला त्यातूनच होते. बालवाडी सेविकांच्या प्रशिक्षणात एका साहेबांनी हे सांगितलं, तेव्हा मी ते वहीत उतरवून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. आमच्या बालवाडीतल्या वर्तुळाला मात्र आरंभ होता. तो बोईसरच्या एका भंगारवाल्याच्या वाड्यात होता.

ऐंशी सालाच्या आगेमागची गोष्ट. मी बावीस वर्षांची होते आणि पालघरला आईवडिलांकडे राहत होते. मराठी घेऊन बी. ए. झाले होते, म्हणजे वाचलेलं भरपूर होतं आणि नोकरी नव्हती. एका संस्थेने खाडीच्या तोंडावरच्या मच्छीमार गावात बालवाडी काढली होती. तिथे मला नेमलं. सकाळी गाडीने बोईसर, तिथून एसटी आणि शेवटचा मैलभर बांधावरून पायी. गावाच्या पश्चिमेला समुद्र, पूर्वेला खाडी आणि खाडीपलीकडे कारखान्यांच्या चिमण्या. सकाळचा वारा जमिनीकडून येई आणि त्याला रोज वेगळा वास असे. मुलं वास ओळखत. एक सडक्या अंड्याचा, एक दवाखान्याचा, आणि एक असा की त्याला ती नुसतं ‘गोड’ म्हणत. मला त्या गोड वासाची सगळ्यांत जास्त भीती वाटे. कुणी काही बोलत नसे. वारा दुपारी फिरायचाच.

बालवाडी म्हणजे पत्र्याची एक खोली. पंचवीसेक मुलं, मी आणि मदतीला गावातलीच एक विधवा, जिला लहानथोर सगळे मावशी म्हणत. आकार शिकवायला संस्थेने लाकडी ठोकळ्यांची एक सुंदर पेटी दिली होती. पेटीच्या झाकणावर आतून कागद चिकटवलेला होता: साहित्य हरवल्यास वा खराब झाल्यास सेविका जबाबदार राहील. त्यामुळे पेटी माळ्यावर असे. वर्षातून एकदा, तपासणीच्या दिवशी, ती खाली उतरे. मुलांनी ठोकळे बघायचे, हात लावायचा नाही.

मग मी जुन्या जाळ्याची दोरी घेतली आणि तिची दोन टोकं बांधली. दोन मुलांनी ताणली की रेघ. तिसरं आत शिरलं की त्रिकोण. चौथं आलं की चौकोन आणि भांडण. हा खेळ महिनाभर चालला आणि वाळूत, ओट्यावर, बोंबील वाळवायच्या बांबूंमध्ये मुलांना त्रिकोण नि चौकोन दिसायला लागले. वर्तुळ मात्र दोरीने होईना. पंचवीसच्या पंचवीस मुलांनी दोरी धरली तरी कुठे ना कुठे कोपरा निघायचा. शेवटी एका शनिवारी मी मुलांना सांगितलं, की सोमवारी येताना प्रत्येकाने घरून एक गोल वस्तू आणायची.

मला बांगड्या, ताटल्या, फार तर एखादं पोळपाट अपेक्षित होतं. तसं थोडं आलंही. पण अकरा मुलं पिंपाची झाकणं घेऊन आली. परातीएवढी मोठी, प्लास्टिकची, निळी आणि पांढरी. काही तर मुलाच्या डोक्यावर आणि मुलगा खाली दिसेनासा. एका गावात एवढी झाकणं रिकामी कशी, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पण समोर अकरा वर्तुळं होती, फुकट आणि एका मापाची, आणि कुठल्याही कागदावर माझी जबाबदारी नसलेली. मला आनंद झाला.

मुलांना त्याहून जास्त झाला. झाकणं वाळूवर गडगडवली, त्यांच्याभोवती बोटाने रेघ ओढली, त्यांत बसून होड्या केल्या. काठाला एक खोबण होती. तिच्यात हळदीसारखी पिवळी भुकटी घट्ट बसलेली होती. मुलं ती बोटाने उकरत. झाकणाच्या मधोमध एक चौकोन छापलेला होता, कोपऱ्यावर उभा केलेला. त्याखालचं कंपनीचं नाव कुणीतरी पात्याने खरवडून काढलं होतं आणि त्या खरवडण्यात चौकोनातलं चित्रही अर्धं गेलं होतं. दातांची एक ओळ उरली होती आणि एक मोठा रिकामा डोळा. हे काय आहे, असं मी विचारलं.

“घोळीचं डोकं,” एक मुलगा म्हणाला.

घोळ हा मोठा मासा. त्याचं डोकं त्या गावात प्रत्येकाने पाहिलेलं. मी पुन्हा पाहिलं, तेव्हा मलाही घोळीचं डोकंच दिसलं. एरवी मी कवितेच्या ओळीत नसलेला अर्थ काढून दाखवणारी. त्या दिवशी मला फक्त आकार हवा होता. मी म्हटलं, “आता या गोलात चौकोन कुठंय, दाखवा बघू.” अकरा बोटं नेमकी त्या चित्रावर पडली. मी शाबास म्हणाले.

त्यातलं एक बोट एका चार वर्षांच्या मुलीचं होतं. तिचा बाप बोटीवर जायचा तो आठ-आठ दिवस, आई बोंबील वाळवायची. मुलगी बालवाडीत कधीच बोलत नसे, कारण उजवा अंगठा कायम तोंडात. तिचं झाकण पांढरं होतं. गुडघे पोटाशी घेतले की ती त्यात बरोबर मावायची. सगळी मुलं खेळून दमली तरी ती बसून राहिली. अंगठा तोंडातून काढायचा, खोबणीतून सबंध फेरी मारायची आणि परत तोंडात घालायचा. पुन्हा एक फेरी. मी बघत होते. प्रशिक्षणात याला स्पर्शानुभव म्हणत. मी घरी जाऊन माझ्या रोजनिशीत तसं लिहिलंसुद्धा.

मंगळवारी मुलांचे तळहात पिवळे होते.

मावशी दारातच हसली. “कुनाचं लगीन हाय गो, बाय? सगलं वऱ्हाड हलद लावून आलाय.”

आम्ही मुलांना ओळीने बसवून हात धुतले. पाण्याने काही झालं नाही. साबण लावला तर पिवळ्याचा लाल झाला. मी दचकले, पण मावशीचं समाधान झालं. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे घराघरांतल्या बायकांना ठाऊक असतं. म्हणजे हळदच, असं ती म्हणाली. मुलांना न्यायला आलेल्या आयांनीही हात उलटेपालटे करून तेच सांगितलं. कारखान्याच्या पिंपात हळद कोण भरेल, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. सहा जणी एकमुखाने बोलत असल्या की मला माझी शंका जरा शिष्टपणाची वाटायला लागे.

बुधवारी त्या मुलीच्या ओठांचे कोपरे पिवळे होते. ती खेळली नाही. आपल्या झाकणात अंगाची मुटकुळी करून झोपली ती घरी जायच्या वेळेपर्यंत. मी तिला उठवलं नाही. त्या दिवशी सकाळचा वारा गोड वासाचा होता आणि दुपार झाली तरी फिरला नाही. बांबूंवर ओले बोंबील लटकत होते आणि कावळे लांब भिंतीवर बसून होते. मी ते पाहिलं आणि बांधावरून एसटीकडे नेहमीपेक्षा भरभर चालले.

गुरुवारी ती आली नाही. बालवाडी सुटल्यावर मावशीला घेऊन मी तिच्या घरी गेले. मुलगी ओटीवर चटईवर पडली होती. सकाळपासून तीनदा ओकली होती. ताप नव्हता. आई उशाशी बसून तिच्या हाताचे तळवे चोळत होती. मी मुलीचा हात हातात घेतला. तळवा पिवळा होता. नखं निळसर होती.

तिच्या डोक्यामागे कोपऱ्यात एक निळं पिंप होतं, पाण्याने भरलेलं. त्यावर जर्मनची परात उपडी घातली होती. पिंपाच्या पोटावर तोच कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन होता. गावात पिंपं बोईसरच्या भंगारवाल्याकडून येत. त्याचं पातं इथे पोचलं नव्हतं. चित्र पूर्ण होतं. ते घोळीचं डोकं नव्हतं. माणसाचं होतं, आणि खाली दोन हाडं फुलीसारखी ठेवलेली होती.

मी विचारलं, की हे पिंप धुतलं होतं का. आईला तो प्रश्न जरा लागला.

“आमी काय असंच पानी भरू? पिंप आनलं की खाडीत बांदतो. आत धोंडे घालायचे नि दोन भरत्या, दोन ओहोट्या जाऊ द्यायच्या. दर्या समदं घेऊन जातो.”

“आणि झाकण?”

“झाकना खाडीत ऱ्हात नाय. तरंगून जातात. ती तशीच घरात ठेवतो. काय कामाची नाय.” मग तिच्या लक्षात आलं. तिने मुलीच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “तुमीच बोल्ला, गोल काय ते आना.”

ती भांडायला बोलली नव्हती. आठवून बोलली होती. मी म्हटलं, हो, मीच बोलले. आणि म्हटलं, आत्ताच्या आत्ता बोईसरला न्यायचं.

मासळीचा टेंपो निघतच होता. बर्फाच्या पेट्यांवर गोणपाट टाकून आम्ही बसलो. मुलगी आईच्या मांडीवर होती, मावशी तिच्या नखांवर नजर लावून आणि मी त्या पांढऱ्या झाकणावर पाय ठेवून. ते मी पिशवीत घालून बरोबर घेतलं होतं.  बोईसरच्या अलीकडे सरावलीच्या चाळी लागल्या तेव्हा मावशी म्हणाली, “आलंच.” बोईसर अजून बरंच होतं.

दवाखाना चार खाटांचा. डॉक्टरांनी मुलीचे डोळे, जीभ, नखं पाहिली, झाकण लांबूनच पाहिलं आणि विचारलं, “काय होतं यात?”

“माहीत नाही.”

“कुठल्या कंपनीचं?”

मी खरवडलेली जागा दाखवली.

“मग मीही माहीत नसल्यासारखंच औषध देतो,” ते म्हणाले आणि लगेच कामाला लागले. सलाईन लावलं, नळकांडं आणवून नाकाशी प्राणवायू धरला. आईला सांगितलं, की नखांचा रंग आणि लघवीचा रंग बघत राहायचं. दोन दिवस काहीच सांगता येणार नाही. आईने मान हलवली. दोन भरत्या, दोन ओहोट्या जेवढ्या शांतपणे मोजत असेल, तेवढ्याच शांतपणे ती बसून राहिली.

मी भंगारवाल्याकडे गेले. त्याचा वाडा पिंपांनी भरलेला होता, उतरंडीसारखी एकावर एक. यात काय असतं, असं मी विचारलं. तो हसून म्हणाला, “बहनजी, माल साफ है. नाम तक साफ कर दिया है.”

शुक्रवारी मी बाकीच्या दहाही घरी गेले आणि झाकणं विषारी आहेत असं सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. कुणी मला शिव्या दिल्या नाहीत, दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. प्रत्येक घरात तेच विचारलं गेलं, पोरीचं कसं हाय. आणि विचारणारा बोलता बोलता कोपऱ्यातल्या पिंपाकडे बघे. गावात नळ नव्हता. गोड्या पाण्याची विहीर लांब होती आणि पिंपाला दुसरा पर्याय नव्हता. पोरगी उठली तर पिंपं राहणार होती. नाही उठली तर काय, हे कुणी उच्चारलं नाही. शुक्रवार आणि शनिवार सबंध गाव बोईसरच्या एका खाटेवरच्या दहा नखांकडे बघत होतं. ओसरीवर हात उन्हात धरून आपापल्या मुलांचीही नखं बघत होतं. बाकीच्या मुलांचे हात नुसते पिवळे होते. त्यांना अंगठा चोखायची सवय नव्हती. एवढाच फरक.

झाकणं मी हाताला पिशव्या बांधून गोळा केली, गोणत्यात भरली आणि माळ्यावर त्या ठोकळ्यांच्या पेटीशेजारी ठेवली. पांढरंही परत आणून त्यांत टाकलं. जाळावीत म्हटलं तर मावशीने धुराचा विचार करायला सांगितलं. पुरावीत म्हटलं तर विहीर आठवली.

शनिवारी दुपारी आमच्या पर्यवेक्षिका आल्या. मंगळवारी मोठे साहेब तपासणीला येणार होते. झाकणांची बातमी त्यांच्यापर्यंत माझ्या आधी पोचली होती, पण निम्मीच. टाकाऊतून टिकाऊ हा साहेबांचा आवडता विषय आहे, असं त्या म्हणाल्या. झाकणं दर्शनी भागात मांडायची, मध्ये फुलं ठेवायची. मी त्यांना मुलीचं सांगितलं. त्यांनी हळहळ व्यक्त केली. मग म्हणाल्या, “मुलं आजारी पडतातच हो. मांडताना नीट पुसून मांडा.”

रविवारी संध्याकाळी टेंपोवाल्याकडून निरोप आला. नखांचा रंग परतला होता. मुलीने पेज मागितली होती. मावशी म्हणे निरोप ऐकून मटकन खाली बसली आणि मग उठून पिंपातलं पाणी घटाघटा प्यायली. हे तिनेच मला सोमवारी सांगितलं. मला हसावं की रडावं कळेना.

झाकणं मात्र माळ्यावर होती आणि मंगळवार एक दिवसावर. ती असली तर पर्यवेक्षिका मांडणार, मांडली तर मुलं हात लावणार. सोमवारी दुपारी ओहोटी लागली तशी मी गोणतं ओढत धक्क्याच्या टोकाला नेलं. हा काही उत्तम उपाय नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. खाडीत तसलंच बरंच काही रोज जात होतं, त्यात माझी भर. मावशी मागून आली होती.

“बाय, झाकना तरंगतात.”

“तरंगत लांब जातील. ओहोटी आहे.”

 ओहोटीनंतर काय येतं, ते बी. ए. झालेल्या मुलीला सांगणं मावशीला प्रशस्त वाटलं नसावं. मी एकेक करून अकरा टाकली. पांढरं शेवटी. ती सगळी एका ओळीत, सुबकपणे, समुद्राकडे निघाली.

त्याच संध्याकाळी मुलगी घरी आली. मंगळवारी सकाळी तिची आई तिला कडेवर घेऊन बालवाडीत हजर. नुसती बसू दे म्हणाली. मुलीचे तळहात अजून पिवळे होते, बोटांच्या टोकांची कातडी सुटत होती. अंगठ्याला आईने चिंधी बांधली होती, त्यामुळे तोंड पहिल्यांदाच मोकळं होतं.

साहेब आले. प्रशिक्षणातले तेच साहेब. हार झाला, नारळ झाला. पेटी खाली उतरली होती आणि मुलं हात मागे बांधून ठोकळे बघत होती. साहेबांनी मुलांना वर्तुळाबद्दल सांगितलं, की त्याला आरंभ नाही आणि अंत नाही. मुलांनी ऐकलं. मग ते म्हणाले, की खरं शिक्षण चार भिंतींत होत नाही, आपण निसर्गात जाऊ. सगळे किनाऱ्यावर निघालो. पर्यवेक्षिका चालता चालता मला हळूच विचारत होत्या, की झाकणं कुठे आहेत.

ती किनाऱ्यावर होती. रात्रीच्या भरतीने आणून टाकली होती. समुद्राने जिथवर मजल मारली तिथवर शेवाळ आणि काटक्यांची ओळ असते, त्या ओळीवर पसरलेली. धुऊन लखलखीत दिसत होती. पुढची चार-पाच मुलं ओळखीचं काही दिसावं तशी धावत सुटली. मी ओरडले, पण वारा एव्हाना फिरून समुद्राकडून येत होता आणि माझा आवाज माझ्याच मागे गेला.  मुलं वाकली होती, हात पुढे झाले होते.

“हात नको लावू. कडू हाय.”

आवाज बारीक होता आणि कुणाच्याच ओळखीचा नव्हता. ती आईच्या कडेवरून उतरून पुढे गेली होती. चिंधी बांधलेला अंगठा तिने वर धरला होता, सगळ्यांना दिसेलसा. मुलं थांबली. त्यांनी हात मागे घेतले आणि पाठीशी बांधले, जसे ती पेटीसमोर बांधतात. मग झाकणांपासून दोन हात लांब सगळी उभी राहिली. मुलीच्या आईने तोंडाला पदर लावला. मी वाळूत बसले.

साहेबांना हे सगळं नैसर्गिक वाटलं. ते छडीने पांढऱ्या झाकणाकडे निर्देश करून प्रेमाने म्हणाले, “बाळांनो, सांगा बरं, हे काय आहे?”

“झाकन,” मुलं म्हणाली.

“हो, पण कसं आहे? त्याचा आकार कसा?”

मुलांनी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, “झाकन.” मग सगळी पुन्हा म्हणाली, “झाकन.” साहेबांनी हवेत छडीने एक मोठं वर्तुळ काढून दाखवलं. मुलं एक पाऊल मागे सरकली.

साहेब परत निघाले, तेव्हा मावशी माझ्या कानाशी वाकली. ती मघापासून बोटाने काहीतरी मोजत होती. “बाय, तू अकरा टाकलीस ना? चौदा हाईत.”

खोलीत आल्यावर साहेबांनी शेरेबुक मागवलं, चष्मा लावला आणि उभ्याउभ्याच लिहिलं. ते पान पुढे कितीतरी वर्षं त्या बालवाडीत होतं. आकारांची ओळख: असमाधानकारक. गोल वस्तूस मुले झाकण म्हणतात.